चुन्यात काजळाचा ठिपका

सकाळी आधी पक्ष्याकडं बघायचं नाही,
त्याच्या खाली बघायचं.
आमच्या घरातली पहिली शिकवण ही.
पांढरा चुना, मधे काजळाचा ठिपका:
रात्र बरी गेली.
हिरवं उतरलं तर पोट रिकामं,
किंवा पोटाहून आत काहीतरी बिनसलंय.
"तोंड खोटं बोलतंय, पोरी, शीट न्हाई,"
म्हणायचे आज्जा, गैबीसाहेब मीरशिकार.
संस्थान गेल्यावरही कैक वर्षं
गुजरीतून आणलेला सराफी तराजू पुसत बसलेले.
त्यात त्यांनी सोनं कधी तोललं नाही.
बहिरी ससाणा तोलला, लगड तोलला, तुरुमती तोलली,
आणि शेवटी शेवटी नुसतीच कातड्याची टोपी.

मी कसबा बावड्यात गुरं बघते.
म्हशीच्या कासेला हात, बैलाच्या खुरात चाकू.
पाटीवरचं आडनाव वाचून
मीरशिकार म्हणजे काय, कुणी विचारत नाही.

उत्तरेश्वर पेठेतून ऋतुराज आला,
चपलांच्या खोक्याला भोकं पाडून.
आत शिकरा, मादी.
मांज्यात अडकलेली, पंधरा दिवस त्याच्याच गच्चीवर.
"पंख भरत आलाय, मॅडम. पण खाईना झालीय.
घास उचलतीय आणि झटकून टाकतीय."

ती माझ्याकडं रोखून बघत होती.
शिकारी पक्षी दुखणं दाखवत नाही,
बरगडी मोडलेला पैलवान शड्डू ठोकतो, तसा.
म्हणून त्याच्या डोळ्यांवर जायचं नाही,
बोटांना विचारायचं.
छातीचं हाड विळ्याच्या पात्यासारखं वर आलेलं.
भर मार्चच्या दुपारी पिसं फुगवलेली.
दोन्ही पायांवर उभी;
धड असती तर एक पाय पोटात घेतला असता.
तळवे उलटे करून पाहिले: सूज नाही, काळी खपली नाही.
श्वासाबरोबर शेपूट हलत नव्हतं,
आवाज बसला नव्हता,
म्हणजे छातीत बुरशी नसावी.
इथवर मला जरा बरं वाटत होतं.
मग चोच उघडली.

आधी वास आला.
मग दिसल्या, जिभेखाली, टाळूला,
फाटलेल्या दुधाच्या पिवळट गाठी.

"काय घालत होतास?"
तो लाजला.
"कोंबडीचं काळीज हिला चालंना.
मग माझीच राखी कबुतरी कापली.
शिरोळात सोडली तरी तासात घरी यायची ती.
गळ्यासकट दिली, गरम गरम."

कबुतराच्या गळ्यात तो जंतू मुकाट राहतो,
कबुतराचं बहुधा काही बिघडवत नाही.
हे पोराला सांगायचं कसं?
मी अर्धं सांगितलं.
तो खोक्याची भोकं मोजत बसला.
मग उरलेलंही सांगितलं.

औषध वजनावर द्यायचं,
आणि काट्याचे सेल नेमके संपलेले.
कपाटातून आज्जांचा तराजू काढला.
एका पारड्यात टॉवेलात गुंडाळलेली ती,
दुसऱ्यात पितळी वजनं.
टॉवेल वजा जाता बारा तोळे, गुंजभर कमी.
एवढा सगळा दरारा, बारा तोळ्यांत.

वनखात्याला फोन केला, वहीत नोंद झाली.
पाच दिवस हिरवं.
सहाव्या दिवशीही हिरवंच; त्या रात्री मी जेवले नाही.
नवव्या सकाळी खालच्या रद्दीवर,
बाजारभावाच्या पानावर,
गुळाच्या दराच्या बरोब्बर वर
चुना. काजळ.

सोनतळीच्या माळावर सोडली तेव्हा ऋतुराज आला नाही.
दुसऱ्या दिवशी आला, सायकलला दोन खुराडी बांधून.
"सगळ्यांची तोंडं बघा."
सत्तावीस कबुतरं.
तो एकेक धरत होता, मी बॅटरी मारत होते.
अकराव्याला म्हणाला,
"राखीचं तोंड आधी बघितलं असतं तर?"

बॅटरी माझ्या हातात तशीच पेटलेली.
"पुढचं दे," म्हटलं.